शमुवेलसाठी साक्ष

शुक्रवारी सकाळी साहेबराव गुरुजी दारात येऊन उभे राहिले तेव्हा तेजश्रीच्या कडेवर तेरा महिन्यांची तबिता होती, गॅसवर दूध चढलं होतं आणि ते उतू जाऊ नये म्हणून तिने एका हातात पळी धरली होती. गुरुजींना बसा म्हणायलाही उसंत नव्हती. पण गुरुजी बसायला आलेच नव्हते.

“पत्र झालं,” हातातली प्लॅस्टिकची फाइल पुढे करत ते म्हणाले. “चौदा दिवस लागले मला. सगळ्या पंचांच्या सह्या झाल्यात. आता तू याचं इंग्रजी कर आणि त्या कॅफेतून टाइप करून आण. आमचं इंग्रजी जुनं झालं गं, तुझं ताजं आहे.”

“उद्यापर्यंत करते, गुरुजी.”

“कर. परवा संध्याकाळी दौंडहून गाडी आहे. मंगळवारी मुलाखत. मी बरोबर जातोय म्हटल्यावर काळजी नाही, पण कागद हातात असलेला बरा.” जाता जाता ते वळले. “नवी टोपी घेतली. दिल्लीला जायचं म्हणजे!”

गुरुजी अठ्ठावीस वर्षं हेडमास्तर होते. निवृत्त झाल्यावर ते मंडळीचे सेक्रेटरी झाले. मंडळी म्हणजे शिरूरात नदीच्या अंगाला असलेलं जुनं दगडी चर्च, ज्याला सगळे देऊळच म्हणत, आणि त्याच्याशी बांधलेली चाळीसेक ख्रिस्ती घरं. कुणी एसटी डेपोत, कुणी मार्केट यार्डात, कुणी रांजणगावच्या कंपन्यांत. पाळक, म्हणजे पाद्री, नेमलेला नव्हता. दौंडचे पाळकसाहेब महिन्यातून एकदा येऊन प्रभुभोजन देऊन जात. बाकीचा कारभार पंच बघत.

तेजश्रीने दूध उतरवलं, तबिताला चमचा-वाटी देऊन खाली बसवलं आणि फाइल उघडली. गुरुजींचं अक्षर मोत्यासारखं होतं.

‘आमच्या आसऱ्यास असलेला शमुवेल हा अत्यंत सुशील व निर्व्यसनी तरुण आहे. पुरुषांशी संबंध असल्याचा जो घाणेरडा आरोप त्याच्या देशात त्याच्यावर करण्यात आला, तो साफ खोटा आहे, असे आम्ही अकरा महिन्यांच्या सहवासावरून छातीठोकपणे सांगतो. त्याचा विवाह आमच्याच समाजातील मुलीशी व्हावा, असा आमचा मानस आहे.’

तिने ते दोनदा वाचलं. ज्या गोष्टीला गुरुजींनी इतक्या प्रेमाने खोटं म्हटलं होतं, तीच शमुवेलची खरी गोष्ट होती. त्याच गोष्टीसाठी त्याला युगांडाला परत जाता येत नव्हतं, आणि दिल्लीच्या निर्वासितांच्या कार्यालयात तो आसरा मागणार होता तोही त्याच कारणावरून. अकरा महिने ज्यांनी त्याला जेवू घातलं, तेच लोक लिहून देत होते की हा तसा नाही. म्हणजे याला धोका नाही. म्हणजे याला घरी पाठवायला हरकत नाही.

आणि हा घोळ घातला होता तिनेच.

अकरा महिन्यांपूर्वी दौंडच्या पाळकसाहेबांना तो स्टेशनवर सापडला होता. पुण्यात कॉलेजला होता. तिथल्या देशबांधवांना त्याची पत्रं सापडली, बातमी गावी पोचली, आणि चुलत्याचा निरोप आला की इकडे पाऊल ठेवशील तर जिवंत राहणार नाहीस. खोली गेली, कॉलेज गेलं. तो गाडीत बसला आणि तिकिटाचे पैसे संपले तिथे, दौंडला, उतरला. तीन दिवस प्लॅटफॉर्मवर बसून होता. पाळकसाहेबांनी त्याला शिरूरला धाडला, कारण शिरूरचं पाळकाचं घर रिकामं होतं. निरोप एवढाच, की ‘आपला भाऊ आहे, काही दिवस ठेवा. कारण तोच सांगेल.’

पंचांची सभा बसली. गुरुजींना त्याचे उच्चार कळेनात, म्हणून बी.ए. इंग्लिश झालेल्या तेजश्रीला बोलावलं. तबिता दोन महिन्यांची होती. रात्र रात्र जागून तेजश्रीचे डोळे आत गेले होते. तबिताला साधी शिंक आली तरी ती धावायची. शमुवेल मान खाली घालून म्हणाला होता की माझं एका पुरुषावर प्रेम होतं, ते घरच्यांना कळलं. सगळे पंच तिच्या तोंडाकडे बघत होते. सगळ्यांत पुढे अध्यक्ष भिमाजी आप्पा बसले होते, करड्या मिशांचे आणि पोलादी नजरेचे. तिला वाटलं, हे जसंच्या तसं सांगितलं तर हा आजच्या आज रस्त्यावर जाईल.

“त्याचे पुरुषांशी संबंध आहेत असा आळ घेतलाय घरच्यांनी,” ती म्हणाली, आणि एक शब्द पदरचा घातला. “खोटा.”

तेवढ्यावर सगळं निभावलं. “आरं तिच्या,” आप्पा म्हणाले होते, “लेकराला हकनाक घराबाहेर काढलं व्हय? ऱ्हाऊ द्या त्याला.” सॅम्युएलचा शमुवेल झाला आणि तो राहिला.

दुपारी तबिता झोपल्यावर सासूबाईंना तिच्याजवळ बसवून तेजश्री देवळामागे पाळकाच्या घराकडे गेली. शमुवेल ओट्यावर सूप घेऊन बाजरी पाखडत होता. मंडळीतल्या बायका रोज पीठ मळण्याआधी एक मूठ धान्य वेगळ्या डब्यात टाकतात आणि रविवारी ते देवळात आणून देतात; गरजवंताच्या घरी ते जातं. अकरा महिने शिरूरच्या मुठीवर तो जगला होता. पाखडायला मंडळीतल्या वयस्कर बानूबाईंनी शिकवलं होतं. सुरुवातीला अर्धी बाजरी अंगणात जायची आणि चिमण्यांची चंगळ व्हायची. आता त्याचा हात बसला होता.

“या ताई,” तो मराठीत म्हणाला. “आज खडे कमी हाय.”

पुढचं बोलणं इंग्रजीत झालं. तिने त्याला पत्र वाचून दाखवलं, एकेक ओळ, काही न वगळता. ‘छातीठोकपणे’ला तो हसला. लग्नाच्या ओळीला त्याने सूप खाली ठेवलं.

“हे माझ्यामुळे झालंय,” ती म्हणाली. “पहिल्या सभेत मी त्यांना सांगितलं की तो आळ खोटा आहे.”

“मला माहीत आहे.”

“कधीपासून?”

“तिसऱ्या महिन्यापासून. बानूआजी एका मुलीचा फोटो घेऊन आल्या. राहू गावची मुलगी, नर्सिंग झालेली. मला तेव्हा थोडी मराठी यायला लागली होती. मी विचार केला, यांना माहीत असतं तर फोटो आणला नसता.”

“मग तू का नाही बोललास?”

“तुम्ही का नाही बोललात?” त्याने तिच्याकडे बघितलं, त्या बघण्यात राग नव्हता. “मला पहिल्यांदा कुणीतरी रोज विचारत होतं, जेवलास का. मला ते सोडवेना.”

तिने पत्र फाइलीत परत ठेवलं. मग तिला वाटलं ते तिने बोलून टाकलं. पत्रच नको. ती म्हणेल कॅफे बंद होता, मशीन बिघडलं. तो नुसता जाऊन आपलं खरं सांगेल.

“आणि गुरुजी?” शमुवेल म्हणाला.

तिच्या डोळ्यांपुढे गुरुजी आले. नवी टोपी घालून, दिल्लीच्या अधिकाऱ्यासमोर हात जोडून: साहेब, पोरगा तसा नाही, मी गॅरंटी देतो. दोघांच्याही एकदमच ते डोळ्यांसमोर आलं असावं, कारण दोघंही एकदम हसले. आणि हसता हसता तेजश्रीला रडू फुटलं.

“त्यांना सांगायला हवं,” ती डोळे पुसत म्हणाली. “पण तू म्हणशील तरच. तुझी गोष्ट आहे.”

त्याने बाजरीत बोटं फिरवली. “ते मला जा म्हणाले तर मी परवा तसाही जाणार आहे. राहायचं तुम्हाला आहे, ताई. तुमच्या मुलीला इथे वाढायचंय.”

हे तिच्या मनात नव्हतं असं नाही. नवऱ्याची, विश्वजीतची, कंपनीतली नोकरी मंडळीतल्याच एकाच्या शब्दावर लागली होती. घराचा मालकही मंडळीतला. कायदा तेव्हा इथलाही अशा माणसाच्या बाजूने नव्हता. तिने मनातल्या मनात सगळं फिरवून पाहिलं, जसं ती रात्री कडी, गॅस, पाळण्याची दोरी फिरून पाहायची. आणि तरी ती म्हणाली, “सांगू या.”

“उद्याच्या साक्षीच्या सभेत,” तो म्हणाला. “माझ्या माघारी नको. मी बोलेन. तुम्ही फक्त मराठी करा.” मग थोडं थांबून, “या वेळी बरोबर.”

विश्वजीत पहिल्या पाळीहून आल्यावर तिने त्याला सगळं सांगितलं. तो बूट काढता काढता थांबला.

“म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं?”

“हो.”

“म्हणून तू तबूला त्याच्याकडे देत नव्हतीस. मी म्हणायचो, अगं बिचारा हात पुढे करतो, दे की.”

तिने मान खाली घातली. तो बराच वेळ दुसऱ्या बुटाची गाठ सोडवत राहिला.

“मला तरी सांगायचं होतंस,” शेवटी तो म्हणाला. “एकटीने कशाला वागवलंस एवढं? उद्या मी शेजारी बसतो. घरमालक उठवेल तर उठवेल, शिरूरात काय एकच घर आहे?”

साक्षीची सभा शनिवारी पाच वाजता बानूबाईंच्या अंगणात असायची. सतरंज्या, एक पेटी, एक ढोलकी. दोन गीतं झाली की ज्याला वाटेल त्याने उठायचं आणि देवाने आठवड्यात आपलं काय भलं केलं ते सांगायचं. कुणाची म्हैस सुखरूप व्याली, कुणाचा पोरगा दहावीच्या सरावाला पास झाला. बानूबाई मंडळीतल्या बायकांच्या पुढारी, सत्तरीच्या, आवाज एसटीच्या भोंग्यासारखा. त्यांची साक्ष दर शनिवारी असायचीच, आणि सगळे मनातून घड्याळ बघायचे.

त्या दिवशी त्यांच्याआधी शमुवेल उठला. तेजश्री त्याच्या बाजूला उभी राहिली. विश्वजीत तबिताला घेऊन पुढच्या सतरंजीवर बसला होता. शमुवेल एक वाक्य बोलायचा आणि थांबायचा. तिने एक शब्द वाढवला नाही, एक गाळला नाही.

“माझ्यावर जो आरोप आहे तो खरा आहे. मी तसाच आहे, लहानपणापासून. माझ्या सोबत्याचं नाव डॅनियल. त्याला खूप मारलं. तो कुठे आहे, आहे की नाही, मला कळलेलं नाही. तुम्ही मला घर दिलंत. मी तुमच्याशी गप्प राहिलो, त्याची मला क्षमा करा.”

मग तिने स्वतःचं सांगितलं. “त्याने पहिल्याच दिवशी हे सांगितलं होतं. खोटा आळ हे मी घातलं. मी घाबरले.”

ढोलकीवर बसलेल्या पोराने उगाच ढोलकीची दोरी ओढली. नातवंडांना घेऊन बसलेल्या गिताबाई उठल्या. त्यांनी आपल्या दोन्ही नातवंडांचे हात धरले आणि कुणाकडे न बघता फाटकाबाहेर गेल्या. फाटक आपटलं.

“म्हंजी,” बानूबाई म्हणाल्या, “त्या राहूच्या पोरीच्या बापाला मी आता काय सांगू? चार वेळा च्या पिऊन आले मी त्याच्याकडं!”

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच दाबलं. शमुवेलला समजलं होतं, तो खाली बघून म्हणाला, “सॉरी, आजी.”

“सॉरी काय सॉरी. आधी बोलला असतास तर माझं पाय वाचलं असतं.” पण त्यांनी पदराने नाक पुसलं.

भिमाजी आप्पा उठले. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. “शास्त्रात काय लिवलंय ते समद्यास्नी ठाव हाय,” एवढंच ते म्हणाले. “माझी सही काढा त्या कागदावरची.” चपला पायात सरकवून तेही गेले. मंडळीचा शिक्का त्यांच्याच पेटीत असायचा, हे सगळ्यांना माहीत होतं.

गुरुजी भिंतीकडेच्या खुर्चीवर ताठ बसले होते. त्यांचे कान लाल झालेले तेजश्रीला दिसत होते. ते उठले तेव्हा तिच्या मनात आलं, आता हेही जाणार.

“तेजश्री,” ते म्हणाले, “तू मला खोटी साक्ष लिहायला लावलीस.”

“हो गुरुजी.”

“चौदा दिवस. तीन वेळा कच्चं लिहिलं. देवाच्या नावाने सही केली. अठ्ठावीस वर्षं पोरांना शिकवलं, खोटी साक्ष देऊ नको. आणि या वयात मी स्वतः...” त्यांनी शमुवेलकडे बघितलं. “तुझं जे आहे ते मला समजत नाही, बाबा. मी खोटं नाही सांगणार. माझ्या डोक्यात ते बसत नाही. पण जे मला समजत नाही त्याबद्दल मी छातीठोकपणे लिहून बसलो होतो, हे मला जास्त लागलं.”

त्यांनी तेजश्रीकडून फाइल घेऊन पत्र काढलं, चार घड्या घातल्या आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलं. तेजश्रीने तबिताकडे बघितलं. तबिता विश्वजीतच्या मनगटावरचं घड्याळ चावत होती.

“कोरा कागद आणा,” गुरुजी म्हणाले.

कुणी हललं नाही.

“कागद आणा म्हटलं! मंगळवारी काय दाखवायचं तिथं? माझी टोपी?” वर्गात बोलावं तसा त्यांचा आवाज चढला. “आता नीट ऐका. ज्यानं जे आपल्या डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगायचं. ऐकलेलं नको. मत नको. शास्त्र नको, ते देवाला पाठ आहे. उठा एकेक.”

आणि बानूबाई उठल्या, कारण पहिल्या उठायची त्यांना सवय होती.

“माझं मोतीबिंदूचं आपरेशन झालं तवा ह्यानं महिनाभर माझ्या डोळ्यांत औषध घातलं. दिवसाला चार बारी. माझा पोरगा पुण्यात हाय, सून हाय. औषध ह्यानं घातलं. आन् थेंब घालायच्या आधी हात धुवायचा, साबणानं. लिव.”

तेजश्री लिहीत होती. मराठीत नाही, थेट इंग्रजीत. बोलणाऱ्याचं वाक्य संपेपर्यंत पेन वर धरून. डेपोतले एक काका उठले आणि म्हणाले, हा चहात चार चमचे साखर घालतो, हे मी पाहिलंय. “हे लिहायचं का?” तिने विचारलं. गुरुजी म्हणाले, “पाहिलंय ना? लिही.” कुणी म्हणालं, त्याच्याकडे शिकायला बसल्यापासून माझी पोरगी इंग्रजीला घाबरत नाही. कुणी म्हणालं, पोलिसांत परदेशी म्हणून नाव नोंदवायला गेला तेव्हा तीन तास उभा ठेवला, मी सोबत होतो, एक उलट शब्द काढला नाही. जे गप्प बसले तेही होते, पाच-सहा घरं. पण ते उठून गेले नाहीत.

गुरुजी स्वतः म्हणाले, “मी पहाटे नदीकडे फिरायला जातो. अकरा महिने हा माझ्याबरोबर आला. गुडघ्यामुळे मी हळू चालतो. हा एकदाही माझ्यापुढे चालला नाही.”

शेवटी तेजश्री उरली. तिने पेन विश्वजीतकडे दिलं.

“मी याच्यावर पाळत ठेवली,” ती म्हणाली. “अकरा महिने. माझ्याइतकं इथं कुणीच याच्याकडे बघितलं नसेल. कारण मला पहिल्यापासून माहीत होतं आणि माझ्या घरात तान्हं बाळ होतं. मी कॉलेज शिकले, पण मनात जे भरवलेलं होतं ते काही गेलं नव्हतं. हा आला की मी तबूला आत नेऊन निजवायची. झोपलेली नसायची ती. मे महिन्यात तिला जुलाब झाले, ग्रामीण रुग्णालयात ठेवलं. सलाईनची सुई तिच्या एवढ्याशा हाताला. ती हात झटकायची, सुई निघायची, पुन्हा टोचायचे. माझ्याच्याने बघवेना. हे कामावर, सासूबाई आजारी. हा डबा घेऊन आला होता. त्याने विचारलं, मी हात धरू का? मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि नाही निघालंच नाही. ‘ताई, घरी जा, अंघोळ करून या,’ असं म्हणत तीन दिवस हा तिचा हात धरून बसला. तळव्यावर तळवा, दाबायचा नाही, सोडायचा नाही. मी तेव्हाही दाराच्या फटीतून बघत होते. चोरून. मला काही वाईट दिसलं नाही. एकदाही नाही. हे लिहा, की पाळत ठेवणारी बाई सांगतेय.”

विश्वजीतने लिहिलं. मग तिने ते त्याच्याकडून घेऊन स्वतःच्या हाताने पुन्हा इंग्रजीत लिहिलं.

रविवारी उपासनेला भिमाजी आप्पाच उभे राहिले, कारण प्रार्थना चालवायची पाळी त्यांची होती. शिक्का त्यांनी आणला नव्हता. गिताबाईंचा बाक रिकामा होता. आप्पांची प्रार्थना ठरलेल्या वाटेने जायची: आजारी, बाळंतिणी, परीक्षेला बसलेली मुलं, आणि शेवटी प्रवासात असलेले, नावानिशी. प्रवाशांपाशी ते आले.

“आन् आमचं साहेबराव गुरुजी आज दिल्लीला निघालेत,” ते म्हणाले आणि थांबले. देवळात पंख्याची घरघर ऐकू येत होती. तेजश्रीने डोळे मिटलेले होते, पण बोटं एकमेकांत इतकी रुतवली होती की नखं लागली. “... आन् शमुवेल. त्याला सांभाळ, देवा. त्याला तिकडं कुणी मारू नगं.”

आप्पा तेवढ्यावरच बसले. आमेनही लोकांनीच म्हटलं. शिक्का न देणाऱ्या त्या म्हाताऱ्याचे तेजश्रीने मनातल्या मनात किती वेळा आभार मानले, याला गणती नाही.

दुपारच्या एसटीने न्हावऱ्यावरून ते दौंडला गेले: गुरुजी, शमुवेल, तेजश्री, विश्वजीत, तबिता आणि कुणीही बोलावलं नसताना बानूबाई. बानूबाईंनी बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि पिठलं तीन दिवस पुरेल एवढं बांधलं होतं. “पिठलं एका दिवसाच्या वर टिकत नाही हो,” गुरुजी म्हणत होते. “मग एका दिवसात खावा,” बानूबाई म्हणाल्या. सातच्या सुमाराला गाडी लागली. शिक्क्याशिवायचा तो कागद, सव्वीस सह्या आणि चार अंगठे, तेजश्रीने फाइलीत घातला, फाइल पिशवीत, पिशवी शमुवेलच्या गळ्यात. आणि डब्यात चढून पिशवीची चेन लागली आहे का तेही पाहिलं.

मंगळवारी दुपारी चारला फोन आला.

“आत अडीच तास होता,” गुरुजी ओरडून बोलत होते, जणू आवाज दिल्लीहून पायी यायचा होता. “मग मला बोलावलं. ती बाई होती, अधिकारी. मला म्हणाली, तुमच्या मंडळीला हे माहीत होतं? मी म्हटलं, शनिवारपासून माहीत आहे, बाई. त्याआधी चुकीचं माहीत होतं. मग तिने तुझं वाचलं. पुन्हा वाचलं. म्हणाली, अशी साक्ष आम्हाला कुणी देत नाही.”

“मग काय ठरलं, गुरुजी?”

“कळवतील म्हणाली. आपण काय करणार? मी लाल किल्ला बघून येतो.”

कळवायला तीन महिने लागले. मेच्या अखेरीस पाकीट आलं. शमुवेलने ते पाळकाच्या घरी उघडलं नाही. शनिवारी तसंच बानूबाईंच्या अंगणात आणलं, आणि तेजश्रीला म्हणाला, “ताई, तुम्ही.” तिने फाडलं. अर्ज मंजूर झाला होता. त्याला निर्वासित म्हणून मान्यता मिळाली होती. कुणी त्याला परत पाठवू शकत नव्हतं. पुढे कॅनडात त्याला कायमचं वसवायचं बघतील, असं त्यात होतं.

तेजश्रीने ते मराठीत सांगितलं. मग ती तशीच उभी राहिली, कारण साक्ष द्यायला उठलेल्या माणसाने काहीतरी बोलायचं असतं.

“मला वाटलं होतं, खरं सांगितलं तर तुम्ही याला हाकलून द्याल,” ती म्हणाली. “म्हणून मी तुमच्याशीच खोटं बोलले. तुम्हाला ओळखण्यात मी कमी पडले. देवाचे आभार मानते, आणि तुमचेही मानते. माझ्या मुलीला वाढवायला मला हेच अंगण हवं होतं, आणि ते शाबूत राहिलं.”

“हालेलुया,” गुरुजी घसा साफ करत म्हणाले. आप्पांनी हातातलं पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. शनिवारच्या सभेला ते परत यायला लागून महिना झाला होता. शास्त्राबद्दल त्यांचं मत होतं तिथेच होतं.

मागच्या सतरंजीवरून आवाज आला. गिताबाई होत्या. तीन महिन्यांत पहिल्यांदाच आल्या होत्या आणि फाटकाजवळच बसल्या होत्या.

“त्या क्यानडात थंडी लई असती म्हणं,” त्या कुणाला उद्देशून बोलतायत ते कळू नये अशा बेताने म्हणाल्या. “माझ्याकडं एक गोधडी हाय, नवी. पण विमानात घेत्यात का गोधडी?”

“वजनावर असतं ते,” विश्वजीत म्हणाला.

“मग जड हाय ती. सात लुगड्यांची हाय.”

“सात?” बानूबाई म्हणाल्या. “पोरगा जायचाय का गोधडी? चार लुगड्यांची शिव. सुया माझ्याकडं हायेत. सोमवारी बसू.”

आणि सोमवारी कुणाच्या घरी बसायचं, यावर बायकांची जी वादावादी सुरू झाली, ती पुढचं गीत सुरू होईपर्यंत थांबली नाही.